मधली ओळ

मोजणीवाल्या बाईचं पत्र आलं तेव्हा मी पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होते. उभी राहून पत्र उघडलं, वाचलं आणि परत खाली बसले. माझे बंधू क्लोदियुस यांनी ‘ला पीवोल’ या द्राक्षमळ्यातली मधली, वादातली ओळ माझ्या नावे सोडून द्यायचं कबूल केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. हद्द कायम करण्यासाठी येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही पक्षांनी जागेवर हजर राहावं, असंही होतं.

अकरा वर्षं मी त्या एका ओळीसाठी भांडले. म्हणजे आता मी जिंकले होते. तळघरात जाऊन एखादी चांगली बाटली उघडावी, असा तो दिवस. पण हा शहाणा ती ओळ का सोडतोय ते मला आधीच कळलं होतं.

बातमी मारिनेतनं दिली होती. मारिनेत म्हणजे क्लोदियुसची बायको. आम्ही बहीणभाऊ बोलत नव्हतो, पण नणंद-भावजयींनी बोलू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. दर शनिवारी बेकरीच्या रांगेत आम्ही दोघी दोन्ही घरांच्या बातम्यांची देवाणघेवाण करायचो. त्या शनिवारी तिनं पाव काखेत मारला आणि मला बाजूला ओढलं.

“उपटतोय गं तो सगळं,” ती म्हणाली. “फॉर्म भरला. सरकार पैसे देतंय ना सध्या वेली उपटायला. जानेवारीत मशीन येणार.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. पीवोलचा त्याचा निम्मा मळा. एकसुद्धा वेल ठेवायची नाही म्हणतो.”

“आणि तू काय केलंस? बघत बसलीस?”

“मी काय करू? माझं ऐकतो का तो? तुझंही ऐकत नाही, पण तू निदान त्याला चिडवू तरी शकतेस. माझ्यावर तर तो चिडतही नाही,” मारिनेत म्हणाली आणि डोळे पुसायला पावाचाच कागद वापरला.

आता ती ओळ काय प्रकरण होतं ते सांगते, म्हणजे मी किती शहाणी आहे तेही कळेल.

ला पीवोल हा उतारावरचा मळा. आजोबांनी एकोणीसशे अकरामध्ये लावलेल्या गामे जातीच्या द्राक्षवेली आहेत त्यात. बुटक्या, गुडघ्याएवढ्या, तारेचा आधार नसलेल्या. ट्रॅक्टर त्यांच्यात शिरत नाही. छाटणी असो, कुळव असो की तोडणी, सगळं कंबर वाकवून करायचं. खोडं अशी पिळवटलेली आहेत की नवख्या माणसाला ती मेलीच आहेत असं वाटतं. मळा वर रस्त्याकडे अरुंद आहे, खाली ओढ्याकडे पसरत जातो, आणि ओळीही तशाच फाकत जातात. मध्यावर दोन ओळींतलं अंतर फारच वाढलं, तिथं आमच्या बाबांनी छप्पन सालच्या त्या भयंकर थंडीनंतर एक जादा ओळ भरून काढली. ही अडतीस वेलींची ओळ. ती अर्ध्या उतारावर सुरू होते आणि ओढ्यापर्यंत जाते. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून मोजलं तर बेचाळीस ओळी भरतात, ओढ्यापाशी उभं राहून मोजलं तर त्रेचाळीस.

बाबा गेले तेव्हा नोटरीनं कागदावर लिहिलं, ‘ओळींप्रमाणे अर्धा-अर्धा’. नोटरीच्या ऑफिसातून ओळी काही दिसत नाहीत. क्लोदियुसनं वरून मोजल्या, मी खालून. तो म्हणाला, मधली माझी. मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, तुला मोजता येत नाही. मी म्हटलं, तुला खाली उतरायचा आळस आहे म्हणून तू वरूनच मोजतोस. एवढ्यावर आमचं बोलणं संपलं, ते अकरा वर्षं संपलेलंच राहिलं.

पण ओळ तर होतीच, आणि वेल काही भांडण मिटायची वाट बघत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्या आधी जाऊन जानेवारीतच ती छाटून टाकली. एकदा छाटलेली वेल पुन्हा छाटता येत नाही, म्हणजे त्या वर्षीचे घड माझे. पुढच्या वर्षी तो डिसेंबरमध्येच छाटून मोकळा. त्याच्या पुढच्या वर्षी मी नोव्हेंबरात गेले, पानं धड गळलीही नव्हती. जुन्या वेली थंडी ओसरताना, मार्चकडे छाटाव्यात, म्हणजे डोळे उशिरा फुटतात, हे आम्हाला दोघांनाही चालता येण्याच्या आधीपासून माहीत होतं. झालं असं की एप्रिलमध्ये कडाक्याचं हिमदव पडलं आणि सगळ्या मळ्यात ती एकच ओळ आधी फुटल्यामुळे काळी पडली. बाकी एक पान जळलं नाही. त्या दिवशी सकाळी मी माझ्या बाजूला उभी होते, तो त्याच्या बाजूला, मध्ये त्या अडतीस जळक्या वेली. दोघंही घरी गेलो. तेव्हापासून एक वर्ष तो, एक वर्ष मी, असं छाटू लागलो. तसं कुणी कुणाला म्हणालं नाही, पण पाळलं दोघांनीही.

ओळीचं दुःख एवढंच असतं तर मी हे सांगत बसले नसते. खरं दुःख वाइनचं होतं.

आमच्याकडे द्राक्षं चिरडत नाहीत. घड जसेच्या तसे टाकीत भरायचे, काठोकाठ, एका दिवसात, आणि झाकण लावायचं. वरच्यांच्या वजनानं खालचे फुटतात, बाकीचे आपल्या आतल्या आत आंबत जातात. टाकी भरलेली हवी. निम्मी टाकी म्हणजे वर हवा राहते आणि काम बिघडतं. बाबांची सिमेंटची टाकी पीवोलच्या सगळ्या ओळींनी बरोबर भरायची. वाटणीनंतर माझ्या ओळींनी ती निम्मीच भरेना. मी एक छोटी स्टीलची टाकी आणली. क्लोदियुसनं माझ्यावरच्या रागानं आपली द्राक्षं सोसायटीला द्यायला सुरुवात केली. तिथं ती साठ घरांच्या द्राक्षांत पडतात आणि कुठली कुणाची ते देवालाही कळत नाही.

माझ्या बाटलीवर ‘ला पीवोल, जुन्या वेली’ असं छापलेलं असतं. ल्यों शहरातून लोक येतात, घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “किती नाजूक आहे हो!” मी हसून पैसे घेते. पण बाबांच्या पीवोलला कुणी नाजूक म्हटलं असतं तर बाबांनी त्याला दार दाखवलं असतं. माझ्या बाजूला वाळू आहे, तिथून सुगंध येतो. क्लोदियुसच्या बाजूला निळसर कठीण दगड आहे, वाइनचा कणा येतो तिथून. सुगंध माझ्याकडे आणि कणा त्याच्याकडे, मग बाटलीवर नाव कशाचं लावतेय मी? अकरा वर्षं मी अर्ध्या मळ्याला पूर्ण मळ्याचं नाव देऊन विकलं. हे मी मारिनेतलाही कधी बोलले नव्हते. आणि त्याच्या ओळी उपटल्या की ते कायमचंच झालं. एकशे बारा वर्षांची वेल पुन्हा लावता येत नाही.

म्हणून गुरुवारी मी साडेआठलाच मळ्यात जाऊन उभी राहिले.

पानं तांबडी होऊन निम्मी गळाली होती. समोर सोन नदीच्या खोऱ्यापलीकडे मों ब्लांचा डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता, आमच्याकडे याचा अर्थ उद्या पाऊस. नऊला मोजणीवाल्या बाई आल्या. मादाम फार्ज, माकों शहरातून आलेल्या, चाळिशीच्या, पायात व्यवस्थित रबरी बूट. बूट बघून मला त्या जरा बऱ्या वाटल्या. त्यांच्या मागून क्लोदियुस आला. काठी घेऊन. काठीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

“नमस्कार,” मादाम फार्ज दोघांकडे बघून म्हणाल्या. “तर सगळं ठरलेलंच आहे. ही ओळ ताईंकडे जाते. मी खुणा लावते, तुम्ही दोघं सह्या करा. दहा वाजता मोकळे.”

“मादाम,” क्लोदियुस म्हणाला, “त्यांना सांगा, ओळ घ्या आणि सुखी राहा.”

मी त्याच्यापासून तीन पावलांवर होते.

“मादाम,” मी म्हटलं, “त्यांना सांगा, मला नको ती ओळ.”

मादाम फार्ज यांनी कागद चाळले. “पण तुमची अकरा वर्षांची पत्रं आहेत माझ्याकडे. नोटरीनं दिली. सात पत्रं. सातही पत्रांत ‘माझ्या हक्काची ओळ’ असं आहे.”

“तेव्हा होती हक्काची. आता नाही.”

“आता काय झालं?”

“आता मी विचार केला. ओळ त्यांची आहे.”

“ऐकलंत?” क्लोदियुस बाईंना म्हणाला. “जन्मात कधी विचार केला नाही या बाईनं, नेमका आज केला. सांगा त्यांना, ओळ तुमचीच आहे. मी चुकलो. लिहून घ्या हवं तर, क्लोदियुस चुकला.”

“सांगा त्यांना, ते चुकले नव्हते. मी चुकले.”

“त्यांची आहे!”

“त्यांची!”

मादाम फार्ज यांनी पेन खिशात ठेवलं. “पंधरा वर्षं हे काम करतेय मी,” त्या म्हणाल्या. “एका वीतभर जमिनीसाठी सख्ख्या भावांनी कुदळी उगारलेल्या पाहिल्यात. असं नाही पाहिलं. मला काही फरक पडत नाही, पण सह्या दोघांच्या हव्यात. एक जण नाही म्हणाला तर हद्द लागत नाही. आणि हद्द लागल्याशिवाय मशीनवाल्याला थांबायचं कुठं ते कळणार नाही.”

“म्हणून तर त्या नाही म्हणतायत,” क्लोदियुस म्हणाला. त्यानं काठी जमिनीत रोवली आणि दोन्ही हात तिच्यावर टेकले. “मादाम, त्यांना एक सांगा. गेल्या हिवाळ्यात मी गुडघ्यांना पोती बांधून छाटणी केली. रांगत. प्रत्येक वेलीपाशी रांगत गेलो आणि प्रत्येक वेलीला धरून उठलो. या वर्षी तेही होणार नाही. माझी मुलगी ल्योंमध्ये दात काढते लोकांचे, ती काही येणार नाही इथे. परक्याला मी हात लावू देणार नाही. मग काय होईल? गवत वाढेल. रोग धरेल. माझ्या खिडकीतून मला रोज दिसेल ते. त्यापेक्षा मीच संपवतो. चांगल्या अवस्थेत असताना.”

मी हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला वाटत होतं, तो माझा सूड घेतोय. अकरा वर्षं तो जे काही करेल ते माझ्यावर सूड म्हणून करतोय, असंच मी धरून चालले होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच फणकाऱ्यानं बोलते.

“त्यांना सांगा, मी छाटेन त्यांच्या ओळी.”

“सांगा त्यांना, त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत.”

“त्यांना सांगा, ते बहात्तरचे आहेत आणि शहाणपण बाराचं.”

“हे मी नाही सांगणार,” मादाम फार्ज म्हणाल्या. “मला एक कारण द्या. ओळ नको तर का नको? ज्यावर काहीतरी लिहिता येईल असं कारण.”

माझ्याकडे कारण नव्हतं. पण बोलायला लागले की कारण सापडतं, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

“या वेली कुणाच्या आहेत ते बघा आधी,” मी म्हटलं. “बाबांनी या रोपवाटिकेतून आणल्या नव्हत्या. दाब कलमं केली होती. शेजारच्या जुन्या वेलीची एक लांब काडी वाकवायची, मातीत पुरायची, टोक जिथं वेल हवी तिथं वर काढायचं. ते टोक वाढतं. म्हणजे प्रत्येक वेलीची आई शेजारच्या ओळीत आहे. आई माझ्या बाजूची असेल तर ओळ माझी, त्यांच्या बाजूची असेल तर त्यांची. खणून बघा.”

“साठ-पासष्ट वर्षं झाली,” क्लोदियुस म्हणाला. “काय राहिलंय खाली!”

“असलं काही तर?”

“बाबा तिसऱ्या वर्षी तोडायचे ती काडी.”

“बाबा सगळं वेळेवर करायचे होय? टाकीचं झाकण दोन वेळा विसरले होते.”

“एकदाच विसरले होते.”

“दोनदा!”

“दुसऱ्यांदा तू विसरली होतीस!”

मादाम फार्ज आमच्याकडे बघत होत्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण एकमेकांशी बोलतोय. क्लोदियुस वळला आणि लंगडत आपल्या गाडीकडे गेला. मला वाटलं, झालं, निघाला हा. पण तो कुदळ घेऊन परत आला आणि ती माझ्या पायाशी टाकली.

ओळीच्या अगदी वरच्या, पहिल्या वेलीपाशी मी खणायला सुरुवात केली. पुरलेली काडी माझ्या बाजूला निघाली असती तर माझं बोलणं माझ्याच गळ्यात पडलं असतं. ओळ माझी ठरली असती, सही करावी लागली असती, आणि जानेवारीत मशीन आलं असतं.

“एवढ्या जोरात नको,” क्लोदियुस म्हणाला. “मुळं तोडशील.”

“तू उपटायलाच निघालायस ना?”

“उपटायचं तर नीट उपटू. खोडापासून हातभर सोडून खण.”

मी हातभर सोडून खणलं. वीतभर खाली माती ओलसर झाली. मग मी कुदळ ठेवली आणि हातानं माती उकरू लागले. माझ्या बाजूला काही नव्हतं. बारीक मुळ्या, दगड, एक जुनी खिळ्यासारखी गंजलेली वस्तू. त्याच्या बाजूला बोटांना काहीतरी जाड लागलं. मी माती बाजूला केली. मनगटाएवढी जाड, काळी, आडवी पडलेली काडी वेलीच्या तळातून निघून सरळ क्लोदियुसच्या शेवटच्या ओळीकडे गेली होती. मी पुढे उकरत गेले. ती तिथल्या जुन्या वेलीच्या बुंध्याला जाऊन मिळत होती. न तोडलेली. बाबा विसरले होते.

मादाम फार्ज खाली वाकून बघत होत्या. “ही अजून जोडलेली आहे?”

“आहे ना,” मी म्हटलं. “बघा. सत्तर वर्षं होत आली, अजून आईच्या जिवावर आहे. ती वेल उपटली की ही मेली. आणि अशा अडतीस आहेत. ओळ मला देऊन काय उपयोग? जानेवारीत ते तिकडून उपटणार आणि इथं माझ्या वाट्याला सरपण येणार.”

हे धडधडीत खोटं होतं. पुरलेल्या काडीला दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या मुळ्या फुटतात. तिसऱ्या वर्षी आईपासून तोडली की ती आपल्या पायावर उभी राहते, आणि न तोडता राहिली तरी तिचं काही अडत नाही. या वेलीच्या मुळ्या तर माझ्या समोरच होत्या, बोटाएवढ्या जाड, सरळ खाली दगडात गेलेल्या. ती जोडलेली काडी कुऱ्हाडीनं तोडली असती तरी वेलीला त्याचा पत्ताही लागला नसता. आमच्याकडच्या कुणालाही विचारा. मादाम फार्ज माकोंच्या होत्या आणि जमीन मोजत होत्या, त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण क्लोदियुसला माहीत होतं. तो माझ्या डोक्यावर उभा होता आणि खड्ड्यात बघत होता.

मादाम फार्ज यांनी त्याच्याकडे मान वळवली. “असं आहे का? उपटली तर ही मरते?”

मी वर बघितलं नाही. मी मातीत हात घालून तशीच बसून राहिले. तो आता काय म्हणणार ते मला माहीत होतं. तो म्हणणार, ही बाई खोटं बोलतेय, मुळ्या बघा तिच्या. आणि मग माझ्याकडे काहीही उरणार नव्हतं.

“मरते,” क्लोदियुस म्हणाला.

“म्हणजे तुमची ही शेवटची ओळ ठेवावी लागेल.”

“ठेवावी लागेल.”

“मग हद्द तिच्या पलीकडे घेऊ? तिथून पुढचं उपटायला हरकत नाही?”

क्लोदियुसनं बुटानं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं. मला त्याचे बूट दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं.

“पुढची ओळही तशीच आहे,” तो म्हणाला. “छप्पनच्या थंडीत बरंच मेलं होतं. बाबांनी निम्मा मळा दाब कलमांनी भरला. ही ओळ तिच्यातून, ती तिच्या पलीकडच्या ओळीतून. सगळं खालून एकमेकांत आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग हद्द कुठं घालायची?”

“नाही घालता येणार.”

“आणि उपटणं?”

“तेही नाही.”

मादाम फार्ज सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खड्ड्याकडे. खड्ड्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्या माकोंच्या होत्या, पण मूर्ख नव्हत्या. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि पेन काढलं. “मी लिहिते, ‘पक्षांमध्ये एकमत होऊ शकलं नाही.’ फी मात्र द्यावी लागेल.”

त्या गेल्या. त्यांची गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही तिकडेच बघत होतो. मग क्लोदियुसनं काठी बाजूला टाकली, एका हातानं वेल धरली आणि गुडघ्यांवर खाली बसला. बसताना त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो बाबांचाच. आम्ही दोघं हातांनी माती लोटून खड्डा बुजवू लागलो.

“बोटाएवढ्या मुळ्या होत्या,” तो म्हणाला. “आंधळ्यालाही दिसल्या असत्या.”

“तुला दिसल्या ना?”

“दिसल्या.”

“आणि ते पलीकडच्या ओळीचं काय म्हणालास? तिथं बाबांनी एकही कलम केलेलं नाही.”

“तू सुरुवात केलीस,” तो म्हणाला. माती दाबत राहिला. मग म्हणाला, “सोसायटीला कळवावं लागेल, पुढच्या वर्षी द्राक्षं येणार नाहीत म्हणून.”

मी मान हलवली. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. बाबांची टाकी घासून घ्यावी लागणार होती, तिच्यात मी अकरा वर्षं बटाटे ठेवले होते. दोन म्हाताऱ्यांना बेचाळीस ओळी, की त्रेचाळीस, कशा जमणार होत्या ते मला माहीत नव्हतं. अजूनही नीट माहीत नाही. त्या हिवाळ्यात मी छाटत गेले आणि तो स्टुलावर बसून प्रत्येक कापाला नावं ठेवत गेला, आणि तरी मार्चअखेर सहा ओळी छाटायच्या राहिल्या.

पण त्या सकाळी माती दाबता दाबता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि माझे हात थांबले.

“क्लोदियुस,” मी म्हटलं. “तुझ्या एकवीस ओळींबद्दल तर वादच नव्हता. उपटायचंच होतं तर पलीकडच्या टोकापासून मशीन लावायचं. अलीकडची एक ओळ सोडून थांबायचं. कुणाला विचारायची गरज नव्हती. मोजणी कशाला हवी होती तुला?”

त्यानं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी उठून हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि मी त्याला ओढून उभं केलं. त्याच्या हाताला माती होती आणि तो थंडगार होता.

“नुसतं ‘ये’ म्हणालो असतो,” तो म्हणाला, “तर आली असतीस?”

मादाम फार्जना मी इतकं खोटं सांगितलं होतं, पण यावर मात्र मला खोटं बोलता आलं नाही.

“नसते आले,” मी म्हटलं.